कुड्याची साल आणि उलटणारी आंव

अलिबागेपासून मुरुडपर्यंतच्या आमच्या किनाऱ्यावर एक दुखणें असें आहे कीं, तें गेलें म्हणावें तों पुन्हां दाराशीं उभें! आंव थांबते, रोगी पथ्य सोडून उठतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनीं तीच कळ पुन्हां सुरू होते. घरचीं माणसें मग वैद्याला तरी दोष देतात, नाहीं तर रोग्याच्या जिभेला.

हा अनुभव प्राचीनांनाहि होता. अतिसार थांबल्यावर ज्याचा अग्नि मंद राहिला आणि ज्यानें अपथ्य केलें, त्याला ग्रहणी जडते, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे. या विकारांवरचें नामांकित औषध म्हणजे कुटज, आपला पांढरा कुडा. पोट बिघडलेल्या मुलाला ‘कुड्याचें पाळ’ उगाळून देणारी आजी कोंकणांत कोणाला ठाऊक नाहीं?

चौल-रेवदंड्यास पोर्तुगीजांचा अंमल असतां, १५६३ सालीं, गोव्यांत गार्सिया द ऑर्ता या वैद्याचा ग्रंथ छापून निघाला. (मुंबई बेट कांहीं काळ याच गृहस्थाकडे खंडानें होतें!) आंवेवर मलबारी वैद्य वापरीत असलेल्या एका वनस्पतीचें वर्णन त्यांत आहे, ती कुडाच, असें अभ्यासक मानतात. पुढें ही साल युरोपांत गेली, नांवाजली, आणि नंतर तिची पत उतरली. कारण मोठें शोचनीय आहे. पांढऱ्या कुड्याच्या सालींत काळ्या कुड्याची साल मिसळूं लागली. दोन्ही झाडें दिसावयास जवळचीं, गुण मात्र निराळे. गुण आला नाहीं तेव्हां भेसळीचा दोष औषधाच्या माथीं बसला. तरी १८५८ सालीं मुंबईच्या डॉ. हेन्स यांनीं या सालींतून ‘कोनेसीन’ हें द्रव्य वेगळें काढलें.

पण उत्तम औषधानेंहि रोग कां उलटावा? १८७५ सालीं रशियांत लॉश यानें आंवेच्या रोग्याच्या मळांत अमीबा हा सूक्ष्म जीव पाहिला. १९१२ सालीं कलकत्त्यास लिओनार्ड रॉजर्स यांनीं एमेटीन टोंचून रोगी झपाट्यानें बरे केले. सर्वत्र जयजयकार झाला, आणि थोड्याच दिवसांत तेच रोगी परत येऊं लागले! १९१३ सालीं वॉकर व सेलार्ड्स यांनीं मनिलाच्या तुरुंगांतील माणसांवर प्रयोग केले. असले प्रयोग आज कोणी मान्य करणार नाहीं. परंतु त्यांतून उलगडा झाला. अमीबा आपल्याभोंवतीं कवच करून कोषरूपानें आंतड्यांत राहतो. आंतड्याच्या भिंतींत शिरलेले जीव एमेटीननें मरत. आंतड्याच्या पोकळींतील हे कोष मरत नसत. धडधाकट दिसणारा मनुष्यहि ते मळावाटे बाहेर टाकतो, आणि ते पाण्यांतून दुसऱ्याच्या पोटांत जातात, क्वचित् फिरून त्याच्याच. म्हणूनच आजहि मेट्रोनिडाझोलनें बरें वाटल्यावर आंतड्याच्या पोकळींतील कोषांसाठीं दुसरें औषध द्यावें लागतें. पहिल्या औषधावर थांबणारा रोगी अर्ध्या वाटेवर थांबतो.

अर्थात् उलटणारा प्रत्येक जुलाब अमीबाचा नव्हे. आंतड्याचा क्षय असूं शकतो, कोणाला दूधच पचत नाहीं. मळ तपासल्यावांचून जुनीच चिठ्ठी पुन्हां घेऊन दुकानांत जाणें मला तरी शहाणपणाचें वाटत नाहीं. रक्त पडत असेल अथवा वजन उतरत असेल, तर मुळींच नाहीं.

पाणी उकळलें म्हणजे हे कोष मरतात. नेहमींच्या प्रमाणांत घातलेल्या क्लोरीनला मात्र ते पुष्कळदां दाद देत नाहींत. विहिरींत औषध पडलें म्हणून निश्चिंत झालेल्या घरांत दुखणें फिरून येतें, तें या वाटेनेंहि.