कुरू रोग आणि प्रायॉन जनुकातील भिन्नता : एक ऐतिहासिक विवेचन

मेंदूच्या प्रायॉन रोगांच्या अभ्यासाला खरी दिशा मिळाली ती पापुआ न्यू गिनीतील फोरे जमातीमुळे. १९५७ मध्ये झिगास व गायडुसेक यांनी तेथील 'कुरू' रोगाची नोंद केली. तोल जाणे, कंप सुटणे आणि साधारणतः वर्षभरात मृत्यू, असा त्याचा क्रम होता. बळी मुख्यतः स्त्रिया व मुले. ठरावीक कुटुंबांत तो आढळत असल्याने प्रारंभी तो आनुवंशिक मानला गेला. परंतु एवढा घातक दोष जनुकातून आला असेल, तर तो समाजात इतका पसरला कसा? मृत आप्तांचे मांस व मेंदू खाण्याच्या अंत्यविधीत त्याचे मूळ आढळले. १९६६ मध्ये चिंपांझीत तो संक्रमित झाला आणि आनुवंशिकतेचा विचार मागे पडला. १९८२ मध्ये प्रुसिनर यांनी रोगकारक प्रथिनाला 'प्रायॉन' हे नाव दिले.

जनुकाचा प्रश्न मात्र वेगळ्या रूपाने परतला. प्रायॉन प्रथिनाच्या १२९ व्या स्थानी मेथिओनिन किंवा व्हॅलिन असते. माता व पिता दोघांकडून एकच प्रकार आल्यास धोका वाढतो. कारण विकृत प्रथिन आपल्यासारख्याच प्रथिनाला अधिक सहज विकृत करते. अंत्यविधीच्या भोजनात सहभागी होऊनही जगलेल्या ३० वृद्ध फोरे स्त्रियांपैकी २३ जणींत दोन्ही प्रकार आढळले, असे मीड व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखविले. २००९ मध्ये १२७ व्या स्थानचा संरक्षक बदलही कुरूग्रस्त भागातच सापडला. रुग्णांत तो नव्हता.

वाशीमच्या अध्यापकाला येथे सिकलसेल आठवेल. नागपूरच्या शुक्ला व सोलंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातील सिकलसेलविषयी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले होते. त्या जनुकाची एक प्रत तीव्र हिवतापापासून वाचविते, दोन प्रती आजार देतात.

तथापि २००३ च्याच निबंधाने या भिन्नतेवरून अखिल मानवजातीत प्राचीन काळी नरमांसभक्षण प्रचलित असल्याचे अनुमान काढले. ही उडी मोठीच होती. २००६ मध्ये जगभरातील नमुन्यांचे जनुकक्रम पुन्हा तपासले असता अशा निवडीचा आधार मिळाला नाही. मूळ निष्कर्ष तपासायचे जनुकीय बदल निवडण्याच्या पद्धतीतून आला असावा, असे दिसले. फोरे समाजाबाबत वंशावळी होत्या, रोगाच्या नोंदी होत्या, त्या भोजनात बसलेल्या स्त्रिया हयात होत्या. प्रागैतिहासिक मानवाबाबत यांपैकी काहीच नव्हते.