टायनी हाउस

अमेरिकेत साधारणतः 400 चौरस फुटांच्या आतील स्वतंत्र घराला ‘टायनी हाउस’ म्हणतात. ते पक्क्या पायावर असते किंवा चाकांच्या सांगाड्यावर. त्या देशात 2015च्या सुमारास नव्या घराचे सरासरी क्षेत्रफळ 2,500 चौरस फुटांहून अधिक होते; तेव्हा लहान घराचे आकर्षण तिथे का वाटले, हे कळते. मुंबईच्या बीडीडी चाळीत 160 चौरस फुटांच्या खोलीत वाढलेल्यांना 400 चौरस फूट ऐसपैसच वाटतील. पण ती खोली कायद्याने घरच होती. टायनी हाउसची खरी अडचण तिथेच आहे.

जे शेफर नावाच्या गृहस्थांनी 1999मध्ये आयोवा राज्यात शंभर चौरस फुटांच्या आतले घर बांधले. इतके लहान घर पायावर बांधायला नियमांची आडकाठी होती, म्हणून त्यांनी ते चाकांवर चढवले. 2008च्या मंदीनंतर ही युक्ती लोकप्रिय झाली. मात्र चाके लागली की घराची गणना वाहनात होऊ लागते, आणि बहुतेक गावांच्या झोनिंग नियमांत, म्हणजे कोणत्या जागेचा वापर कशासाठी करायचा हे ठरवणाऱ्या नियमांत, अशा वाहनात कायम राहायला मनाई असते. जागा स्वतःच्या मालकीची असली तरी सुटका नाही. शेजाऱ्याने तक्रार केली की नोटीस येते. पत्ता नसल्याने टपाल, विमा, मतदार नोंदणी यांचेही घोळ होतात. जमिनीशी जोडलेले नसल्याने गृहकर्ज मिळत नाही; वैयक्तिक किंवा वाहनकर्ज घ्यावे लागते, त्याची मुदत कमी आणि व्याज जास्त. घर स्वस्तात होते. जमीन आणि परवानगी स्वस्तात मिळत नाही, हे जाहिरातींत सहसा सांगत नाहीत.

रस्त्यावरून विशेष परवान्याशिवाय न्यायचे तर रुंदी साडेआठ फूट आणि उंची साडेतेरा फूट ही सर्वसाधारण मर्यादा. भिंतींची जाडी वजा केली की आत जेमतेम साडेसात फूट रुंदी उरते. झोपायची सोय बहुधा पोटमाळ्यावर. तिथे ताठ बसता येत नाही, उन्हाळ्यात सगळी गरम हवा वर साचते आणि रात्री लघवीला उठले तर अंधारात शिडी उतरावी लागते. गुडघे दुखू लागले की हे घर सुटते. त्याहून चिवट त्रास ओलीचा. स्वयंपाक, आंघोळ आणि दोन माणसांचा श्वास यांची वाफ एवढ्याशा जागेत कोंडते. थंडीत खिडक्यांवरून पाणी ओघळते, आणि गादी उचलली तर खालच्या फळीवर काळी बुरशी दिसते. हवा खेळती ठेवावी तर ऊब जाते. कडाक्याच्या थंडीत खालचे नळ गोठतात, ते वेगळेच. कंपोस्ट संडास बसवला तरी अनेक ठिकाणी सेप्टिक टँक किंवा गटाराची जोडणी सक्तीची असते, आणि घरावर वाचवलेल्या पैशांचा मोठा वाटा तिच्यातच जातो.

कायदा अगदीच जागचा हलला नाही असे नाही. आंतरराष्ट्रीय निवासी बांधकाम संहितेच्या 2018च्या आवृत्तीत ‘परिशिष्ट क्यू’ आले. त्यात राहत्या भागाची उंची 6 फूट 8 इंचांपर्यंत कमी ठेवण्यास, पोटमाळ्यावर झोपण्यास आणि शिडी वापरण्यास मान्यता आहे. पोटमाळा किमान 35 चौरस फुटांचा हवा आणि आगीच्या वेळी तिथून बाहेर पडायला वाट हवी. परंतु परिशिष्ट असल्याने राज्याने किंवा शहराने स्वीकारल्याखेरीज ते लागू होत नाही. शिवाय ते घर कसे बांधावे एवढेच सांगते. कोठे ठेवावे हे झोनिंगच्याच हातात राहते.

काही ठिकाणी मात्र तिथेही वाट मोकळी झाली. टेक्सासमधील स्पर या लहान गावाने 2014मध्ये अशा घरांना जाहीर आमंत्रण दिले. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहराने 2016मध्ये परसदारी चाकांवरचे घर चालवून घेतले. पण त्याची नोंद मोटार वाहन खात्याकडे वाहन म्हणून असावी लागते, आणि त्या प्लॉटवर आधीपासून एक नेहमीचे घर असावे लागते.