तंजावर : शासकीय आरोग्य विमा कार्डाचा अर्ज आणि त्याची प्रक्रिया

तंजावर – तामिळनाडूतील मुख्यमंत्री सर्वंकष आरोग्य विमा योजनेअंतर्गत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. मात्र हा लाभ ज्या कार्डावर अवलंबून असतो, त्याचा अर्ज रुग्णालयात नव्हे, तर महसूल यंत्रणेच्या दाखल्यापासून सुरू होतो. त्यामुळे कार्ड आजारपणापूर्वीच काढून ठेवणे कुटुंबाच्या हिताचे ठरते.

पार्श्वभूमी

तंजावरला राजाश्रयाने चालणाऱ्या वैद्यकसेवेची जुनी परंपरा आहे. मराठा राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी येथे धन्वंतरी महाल ही औषधनिर्मिती व संशोधनाची संस्था चालविली होती. आधुनिक काळात तामिळनाडू सरकारने २००९ मध्ये शासकीय खर्चाची आरोग्य विमा योजना सुरू केली. तिच्या जागी ११ जानेवारी २०१२ रोजी सध्याची योजना आली. २०१८ मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशी जोडण्यात आली. ११ जानेवारी २०२२ पासून पाच वर्षांच्या टप्प्यासाठी सार्वजनिक क्षेत्रातील युनायटेड इंडिया इन्शुरन्स कंपनीकडे विम्याची जबाबदारी सोपविण्यात आली. हप्ता शासन भरते. लाभार्थ्याला काहीही भरावे लागत नाही.

पात्रता

वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा पूर्वी ७२ हजार रुपये होती. ती वाढवून १ लाख २० हजार रुपये करण्यात आली. कुटुंबाचे नाव राज्यातील शिधापत्रिकेवर असणे आवश्यक असते. पती किंवा पत्नी, अपत्ये आणि आश्रित आई-वडील यांचा कुटुंबात समावेश होतो. शिबिरांत राहणारे श्रीलंकेतील तमिळ निर्वासितही योजनेत येतात. अन्य राज्यांतून येऊन सहा महिन्यांहून अधिक काळ तामिळनाडूत राहिलेल्या स्थलांतरितांना सक्षम अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राच्या आधारे सामावून घेण्याची तरतूद आहे.

अर्जाचा प्रवास

पहिला टप्पा उत्पन्नाच्या दाखल्याचा. महाराष्ट्रातील तलाठ्याशी तुलना करता येईल असा ग्राम प्रशासकीय अधिकारी किंवा महसूल विभागाचा अन्य अधिकारी तो देतो. दाखला, शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन अर्जदाराने जिल्हाधिकारी कार्यालयातील योजनेच्या नोंदणी केंद्रात जावयाचे असते. तेथे कागदपत्रांची पडताळणी होते, छायाचित्र व बोटांचे ठसे घेतले जातात आणि कुटुंबाला ओळख क्रमांक दिला जातो.

प्रक्रिया सरळ असली, तरी तिन्ही कागदपत्रांतील नोंदी जुळणे महत्त्वाचे असते. तमिळ नावांत बहुधा आडनावाऐवजी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर असते. ते एका कागदावर नावाच्या आधी, तर दुसऱ्यावर शेवटी असल्यास पडताळणीत अडथळा येऊ शकतो. विवाहानंतर सुनेचे नाव माहेरच्या शिधापत्रिकेवरच राहिले किंवा नवजात बालकाची नोंद झाली नाही, तर तेवढी व्यक्ती संरक्षणाबाहेर राहण्याची शक्यता असते. कावेरीच्या खोऱ्यातील भातशेतीवर राबणाऱ्या मजुराला वेतनपावती मिळत नाही. त्याचे उत्पन्न हंगामानुसार बदलते. अशा कुटुंबासाठी अधिकाऱ्याचा दाखला हाच उत्पन्नाचा एकमेव पुरावा ठरतो. कुंभकोणम किंवा पट्टुकोट्टई परिसरातील रहिवाशाला त्यासाठी मजुरी बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी यावे लागते. घरातील कोणी रुग्णशय्येवर असताना ही धावपळ अधिकच जड जाते.

रुग्णालयातील टप्पा

कार्ड हाती आले म्हणजे प्रत्येक उपचार आपोआप मोफत होतो, असे नाही. रुग्णालय योजनेच्या यादीत असावे लागते आणि उपचारही ठरलेल्या यादीतील असावा लागतो. रुग्णालय तपासणी अहवाल ऑनलाइन पाठवून पूर्वमंजुरी घेते. मंजूर रक्कम थेट रुग्णालयाला दिली जाते. शासकीय रुग्णालयांनाही या मार्गाने विम्याची रक्कम मिळते.

महाराष्ट्राशी तुलना

महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची सुरुवात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने झाली. तेथे दीर्घकाळ पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांवरूनच पात्रता ठरत असे. संरक्षणाची मर्यादा दीड लाखांवरून पाच लाख रुपये करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. तामिळनाडूत मात्र शिधापत्रिकेला उत्पन्नाच्या दाखल्याची जोड द्यावी लागते.

राज्य बदलणाऱ्या कुटुंबांनी आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. केंद्रीय योजनेच्या पात्र कुटुंबांना देशभरातील संलग्न रुग्णालयांत उपचार घेता येतात. राज्याने स्वतःच्या निकषांवर समाविष्ट केलेल्या कुटुंबांना ही सोय गृहीत धरता येत नाही. आपले कार्ड कोणत्या यादीतील आहे, याची खातरजमा तामिळनाडू योजनेच्या १८०० ४२५ ३९९३ किंवा आयुष्मान भारतच्या १४५५५ या निःशुल्क क्रमांकावर करता येते.