पौरोहित्याची सनद

गावगाड्यात पौरोहित्य हे वतन होते. गावजोशी हा बलुतेदार. पंचांग सांगणे, मुहूर्त काढणे, लग्न लावणे ही त्याची कामे आणि त्याबद्दलची दक्षिणा हा त्याच्या घराण्याचा हक्क. यजमानाने दुसऱ्याच भटजीला बोलावले तरी गावजोशी आपला हक्क मागू शके, आणि इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनीही तो मिळकतीसारखा मानला. मंत्र शुद्ध येतात का, विधीचा अर्थ कळतो का, हे विचारण्याची सोयच नव्हती. शेतजमीन जशी बापाकडून मुलाकडे जाते, तसे पौरोहित्य जात होते.

याच बलुत्यांत गुरवही होता. महादेवाची पूजा, बेल-पत्री, देवळाची झाडलोट त्याच्याकडे. मरीआईचा पोतराज तर गावकुसाबाहेरच्या वस्तीतून येई. म्हणजे ब्राह्मणेतर पुजारी महाराष्ट्राला कधीच अनोळखी नव्हता. आडकाठी होती ती वेदमंत्रांपाशी, घरातल्या संस्कारांपाशी आणि मोठ्या देवस्थानांच्या गाभाऱ्यापाशी. जिथे मान आणि उत्पन्न होते, तिथे.

या वतनाला पहिला नकार दिला तो सामान्य घरांनी. 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात भटजीवाचून पहिले सत्यशोधक लग्न लागले. सावित्रीबाईंनी त्यात पुढाकार घेतला होता. पुढच्या वर्षी ज्ञानोबा ससाणे यांचे लग्न विरोधामुळे पोलीस बंदोबस्तात लावावे लागले. दोन माणसांनी आपल्या माणसांसमोर एकमेकांना वचन द्यायचे, त्याला पोलिसांचा पहारा! या एका गोष्टीवरून वतनाची मुळे किती खोल होती ते कळते.

फुले नुसत्या नकारावर थांबले नाहीत. 1887 मध्ये त्यांनी मंगलाष्टकांसह पूजाविधींचे पुस्तक काढले. त्यातली मंगलाष्टके मराठीत आहेत आणि ती वधूवरांनी स्वतः म्हणायची आहेत. वधू त्यात स्त्रियांचे हक्क मागते आणि वर ते मान्य करतो. ज्याचे लग्न, त्याच्याच तोंडी त्याचे मंत्र. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत धाडसी पाऊल हेच. जोशांनी अर्थातच दावे लावले. ओतूरच्या लग्नाचा वाद मुंबई हायकोर्टापर्यंत गेला. पुढे 1926 मध्ये मुंबई प्रांतात कायदाच झाला की न बोलावलेल्या पुरोहिताला दक्षिणा मागता येणार नाही.

दुसरा धक्का राजवाड्यातून बसला. 1899 मध्ये कार्तिकस्नानाच्या वेळी आपल्यासाठी वेदोक्त नव्हे, तर पुराणोक्त मंत्र म्हटले जातात, हे शाहू महाराजांच्या ध्यानात आणून दिले गेले. शूद्राला वेदोक्ताचा अधिकार नाही, हे त्यामागचे कारण. छत्रपतींच्या गादीवर बसलेल्याची ही गत, तर कुणब्या-माळ्यांचे काय? राजोपाध्ये हटून बसले, तेव्हा 1902 मध्ये महाराजांनी त्यांचे इनाम जप्त केले. नंतर त्यांनी कोल्हापुरात ब्राह्मणेतर मुलांना विधी शिकवण्याची सोय केली, वैदिक पाठशाळा काढली आणि 1920 मध्ये पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठावर सदाशिवराव पाटील बेनाडीकर यांची क्षात्रजगद्गुरू म्हणून नेमणूक केली. या नेमणुकीने धर्मपीठाची चौकट कायम राहिली, हे खरे. पण पौरोहित्य शिकवता येते, ते रक्तातून यावे लागत नाही, हे पाठशाळेने रोजच्या व्यवहारात दाखवले.

तिसरी पायरी बाबासाहेब आंबेडकरांची. लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी लिहिलेले आणि न झालेले भाषण त्यांनी 1936 मध्ये पुस्तकरूपाने छापले. त्यात त्यांनी सांगितले, की पुरोहिताचे पद वंशपरंपरेने मिळू नये. कोणत्याही हिंदूला सरकारने ठरवलेली परीक्षा देता यावी, उत्तीर्ण होणाऱ्याला सनद मिळावी, सनदेवाचून कोणी पौरोहित्य केल्यास तो गुन्हा ठरावा. वैद्याला, वकिलाला पात्रता सिद्ध करावी लागते; मग पुरोहितालाच सूट का, हा त्यांचा प्रश्न होता.

त्या प्रश्नाचे उत्तर हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी येत आहे. केरळमधल्या एका शिवमंदिरात ब्राह्मणेतर पुजारी नेमला गेला, तेव्हा 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नेमणूक योग्य ठरवली: विधीचे शिक्षण झाले असेल तर जन्माची अट लागत नाही. 2017 मध्ये त्याच राज्यात दलित उमेदवारांचीही पुजारी म्हणून निवड झाली. आपल्याकडे पंढरपुरात बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपले आणि मंदिर समितीने सर्व जातींच्या पुरुषांना व स्त्रियांना पुजारीपदाच्या मुलाखतींना बोलावले. ज्या चोखोबांना हयातभर विठ्ठलाच्या दाराबाहेर उभे राहावे लागले, त्यांच्या लेकरांना गाभाऱ्यातल्या कामासाठी अर्ज करता येऊ लागला.

तरी अर्ज करता येणे आणि समाजाने मनापासून स्वीकारणे यांत अंतर आहे. मोठ्या देवळात परीक्षा आणि नेमणूक हवीच, कारण तिथे सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक श्रद्धा असते. घरातल्या विधीसाठी मात्र फुल्यांची वाट आजही खुली आहे. तिला न्यायालयाचा निकाल लागत नाही, समितीची जाहिरात लागत नाही. पुढच्या लग्नाची यादी करताना भटजी कोणता बोलवायचा, हे जातीवरून न ठरवता ज्ञानावरून ठरवले, किंवा ते काम आपल्याच घरातल्या जाणत्या बाईवर सोपवले, तरी वतनाचा उरलासुरला हक्क संपतो.