मोहोळाची वांटणी

मधमाशीविषयीं आपल्या समाजाची वृत्ति मोठी चमत्कारिक आहे. गरीब विद्यार्थ्यानें पांच घरीं थोडें थोडें अन्न मागून निर्वाह करावा, कोणा एका घरावर भार घालूं नये, या रीतीस आपल्या पूर्वजांनीं माधुकरी हें नांव दिलें. म्हणजे माशीचें वागणें त्यांनीं शीलाचा आदर्श मानिलें. परंतु जिच्यापासून हा धडा घेतला, तिच्या घराशीं आपण कसे वागलों? रात्रीं पलिता पेटवावा, माश्या जाळाव्या किंवा हांकून द्याव्या, पोळें कापून पिळावें आणि मधाबरोबर अंडीं व अळ्याही चुरडाव्या, ही मध काढण्याची सर्रास रीत. फुलास न दुखवितां रस घेणाऱ्या जीवाकडून रस घ्यावयाचा, पण त्याचें घर मात्र शिल्लक ठेवावयाचें नाहीं, असा हा व्यवहार होता.

यांत पनवेलजवळच्या कर्नाळ्याच्या डोंगरांतील ठाकूर-कातकऱ्यांसारख्या वनवासी लोकांसच दोष देण्याचें कारण नाहीं. युरोपांतही शेंकडों वर्षें पेंढ्याच्या टोपल्यांत माश्या पाळीत, आणि मध काढण्याची वेळ आली म्हणजे खालीं गंधक जाळून सबंध कुटुंब मारून टाकीत. याचें मूळ क्रौर्यांत नव्हे, अज्ञानांत आहे. मोहोळाचा संसार आंत कसा चालतो हें ठाऊक नसल्यामुळें, तो न मोडतां त्यांतून कांहीं घेतां येईल, किंबहुना एका संसाराचे दोन करितां येतील, ही गोष्ट बहुतेकांच्या मनांतही येत नसे. एका मोहोळाचीं दोन करण्याची ही विद्या मनुष्यास कशी साधली आणि आपल्या प्रांतांत ती कशी आली, हें आज वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे.

प्राचीनांच्या कल्पना याविषयीं फारच निराळ्या होत्या. अरिस्टॉटलनें मोहोळाच्या मुख्यास राजा म्हटलें. व्हर्जिल या रोमन कवीनें तर मेलेल्या बैलाच्या धडांतून माश्या उपजविण्याची कृति वर्णिली. १६०९ सालीं चार्ल्स बटलर या इंग्रज धर्मोपदेशकानें, हा राजा नसून राणी आहे, असें आपल्या ग्रंथांत ठासून सांगितलें. आणि त्याच शतकांत स्वामरडाम या डच पंडितानें सूक्ष्मदर्शकाखालीं तिचे अंडाशय पाहून त्यास पुरावा दिला. तथापि राणी येते कोठून, हा प्रश्न उरलाच होता. ती जन्मतःच निराळ्या जातीची असेल, तर माणसानें केलेल्या वांटणींत ज्या अर्ध्या भागास राणी मिळाली नाहीं, तो भाग मरावयाचाच.

या कुलुपाची किल्ली अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत सांपडली. जर्मनींतील सॅक्सनी प्रांताचा आडाम गोटलोब शिराख (१७२४–१७७३) या पाद्र्यानें कामकरी माश्यांच्या पिलांचे पोळ्याचे तुकडे थोड्या माश्यांसह, राणीवांचून, निरनिराळ्या पेट्यांत कोंडून पाहिले. त्या माश्यांनीं साध्या अळ्यांतूनच नव्या राण्या घडविल्या! ज्या अंड्यांतून एरवीं कामकरी माशी निपजावयाची, त्याच अंड्यांतील कोंवळ्या अळीस मोठें घर व शेवटपर्यंत खास खाद्य मिळालें कीं तिची राणी होते. जें थोरपण आपण जन्माचें समजतों, तें येथें संगोपनाचें ठरलें. पुढें जिनीव्याचा फ्रांस्वा ह्यूबर यानें, तरुणपणींच दृष्टि गेली असतांही, आपल्या नोकराच्या डोळ्यांनीं पाहून हे प्रयोग पडताळले आणि १७९२ सालीं प्रसिद्ध केले. पुस्तकाच्या पानांप्रमाणें उघडणारी जी पेटी त्यानें केली, तिच्या योगें मोहोळाचे दोन भाग करणेंही सोपें झालें.

उरली ती हत्याराची अडचण. माश्या पोळें पेटीच्या भिंतीस चिकटवितात, आणि कापल्यावांचून तें निघत नाहीं. १८५१ सालीं अमेरिकेंतील लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाच्या ध्यानांत आलें कीं, चौकट व भिंत यांमध्यें सुमारें तीन अष्टमांश इंचाची फट ठेविली, तर माश्या ती जाण्यायेण्याची वाट म्हणून मोकळीच ठेवितात. एवढ्या एका फटीनें पोळें हें ग्रंथालयांतील पुस्तकाप्रमाणें काढतां-घालतां येऊं लागलें. हिंदुस्थानांत अशा चौकटींच्या पेटीचा पहिला प्रयत्न १८८२ सालीं बंगाल्यांत झाला. परंतु आपली सातेरी माशी परदेशी माशीहून लहान, तिचें कुटुंबही लहान. तिला बेताची होईल अशी छोटी पेटी त्रिचनापल्लीकडील न्यूटन या पाद्र्यानें बनविली, आणि १९११ ते १९१७ या काळांत तिचा वापर अनेकांस शिकविला. ती त्याच्याच नांवानें आजही ओळखिली जाते.

आतां ही वांटणी प्रत्यक्ष होते कशी, तें पाहूं. निसर्गांत फुलोऱ्याचे दिवस आले आणि घर भरून गेलें, म्हणजे जुनी राणी बऱ्याचशा माश्या घेऊन बाहेर पडते व भरलें घर होऊं घातलेल्या लेकीस ठेविते. वडिलांनीं घर सोडावें आणि धाकट्यांस तयार संसार मिळावा, ही त्यांची रीत आपल्या वाटणीपत्रांच्या उलट आहे! मधपाळ या रीतीचेंच अनुकरण करितो, फक्त थवा उडून जाण्यापूर्वीं. भरभराटीच्या पेटींतून अंडीं, कोंवळ्या अळ्या व बंद पिलें असलेल्या दोन-तीन चौकटी अंगावरच्या माश्यांसह नव्या पेटींत ठेवावयाच्या. सोबत मधाची व परागाची शिदोरी द्यावयाची. बाहेर हिंडणाऱ्या माश्या संवयीनें जुन्या जागीं परततात, म्हणून नव्या पेटींत घरकाम करणाऱ्या तरुण माश्या आणखी झटकून घालाव्या लागतात. राणी नसल्याचें त्यांस थोड्याच तासांत कळतें व त्या नवी राणी घडवूं लागतात. अंड्यापासून राणी होण्यास सुमारें १६ दिवस लागतात. मग ती उडून नरांशीं संयोग करून येते आणि अंडीं घालूं लागते. या सर्वांत जवळजवळ महिना जातो.

हा महिना मोठा कसोटीचा असतो. दिलेल्या चौकटींत पुरेशीं कोंवळीं पिलें नसतील, तर राणी घडतच नाहीं. हवेंत नर नसतील, तर ती वांझ राहते. मग कामकरी माश्याच अंडीं घालूं लागतात; पण त्यांतून निपजतात ते केवळ नर, आणि कुटुंब संपतें. जुनें कुटुंब दुबळें असतां वांटणी केली, तर दोन संसार होत नाहींत, एकाचे दोन मृत्यु होतात. आमच्या मतें या विद्येचें सगळें सार यांतच आहे. नवें घर मांडून द्यावयाचें तर आधीं जुनें समर्थ असावें लागतें, आणि नव्यास नुसती रिकामी पेटी देऊन भागत नाहीं. अन्न, मनुष्यबळ आणि उद्यांची राणी होण्याजोगें बीज, हीं तिन्ही द्यावीं लागतात.

महाराष्ट्रांत ही विद्या ग्रामोद्योगाच्या वाटेनें आली. १९३४ सालीं गांधीजींच्या प्रेरणेनें वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. त्याच्या उद्योगांत मधमाशीपालनही होतें. स्वातंत्र्याच्या सुमारास महाबळेश्वरच्या रानांत पेट्यांचें काम रुजलें. जांभूळ, हिरडा, गेळा आणि कांहीं वर्षांच्या अंतरानें एकदांच फुलणारी कारवी, यांचा फुलोरा तेथें आहे. परंतु पावसाळ्यांत फुलांवर जाणें अशक्य होतें, आणि साखरेचा पाक देऊन माश्या जगवाव्या लागतात. १९६२ सालीं पुण्यास केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली; आणि २०२२ सालीं महाबळेश्वर तालुक्यांतील मांघर हें देशांतील पहिलें ‘मधाचें गांव’ म्हणून जाहीर झालें. मधल्या काळांत एक मोठें संकटही येऊन गेलें. १९९१-९२ च्या सुमारास पिलें मारणाऱ्या एका विषाणूच्या सांथीनें दक्षिणेंतील सातेरीच्या बहुतेक पेट्या ओस पडल्या. तेव्हां जीं थोडीं कुटुंबें रोगास पुरून उरलीं, त्यांच्यापासूनच वांटणी करीत मधपाळांनीं हा उद्योग पुन्हां उभा केला. नुसती लूट जाणणाऱ्यांस हें कधींच साधलें नसतें.

मोहोळाच्या कुटुंबास मधपाळ ‘वसाहत’ म्हणतात. पनवेल तालुक्यांतील कामोठ्यास गेलें असतां हाच शब्द दुसऱ्या अर्थानें कानीं पडतो. खाडीकडचें हें भातशेतीचें गांव; आज लोकांच्या तोंडीं गांव निराळें आणि वसाहत निराळी. मुंबईचें मोहोळ भरून वाहूं लागलें, म्हणून १९७० सालीं सिडको स्थापन होऊन पलीकडच्या तीरावर नवें शहर मांडण्यांत आलें, आणि कामोठें त्याचा एक भाग झालें. २०१६ पासून तें पनवेल महानगरपालिकेंत आहे. ही वांटणीच होय. पण दोहोंत एक फरक आहे. मधपाळ नवें कुटुंब ठेवितो तें मोकळ्या पेटींत; शहर वसलें तें आधींच नांदत्या शेतांवर. त्या शेतांच्या धन्यांचा वांटा कोणता, हा प्रश्न १९८४ च्या जानेवारींत उरण तालुक्यांतील आंदोलनांत पांच जणांचे प्राण गेले तेव्हां धसास लागला, आणि पुढें संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. वांटणीचा धर्म माणसांस माश्यांहून महाग पडतो, तो असा.

आणि त्या वसाहतींतही माश्या आहेतच. उंच इमारतींच्या सज्जांखालीं आग्या माशी एकच भलें मोठें पोळें उघड्यावर टांगते. ती पेटींत नांदत नाहीं, आणि तिला न डिवचणें हेंच शहाणपण. सातेरी मात्र भिंतीच्या पोकळींत, जुन्या खोक्यांत, झाडाच्या ढोलींत अंधारांत समांतर पोळीं बांधते. तिला जाणता मधपाळ पेटींत घेऊं शकतो, आणि पुढें त्या एका पेटीच्या दोन करूं शकतो. असें मोहोळ घरांत दिसतांच विषारी फवारा मारणारा मनुष्य बोलाविण्याचा प्रघात आमच्या सुशिक्षित कुटुंबांत पडला आहे. फवारा आणि पलिता यांत तत्त्वतः अंतर नाहीं. पलित्यानें निदान मध तरी हातीं येई.

शिराखच्या पेट्यांपासून मांघरपर्यंतचा हा इतिहास जवळजवळ अडीचशें वर्षांचा आहे. जें हवें तें मोडून घेण्याऐवजीं वाढवून घ्यावें, हें शिकावयास मनुष्यास इतका काळ लागला. ही विद्या आतां आपल्या जिल्ह्याच्या वेशीशीं आली आहे. पुढच्या फुलोऱ्यांत भिंतींतून गुणगुण ऐकूं आली, तर वाचकांनीं फवारा मागविण्यापूर्वीं एखाद्या मधपाळाची चौकशी करावी, एवढेंच आमचें मागणें आहे.