ग्लॅडिओलस : फुले संपल्यानंतर कंदांची काढणी व साठवण

अमरावती, अकोला भागात ऑक्टोबरमध्ये लावलेल्या ग्लॅडिओलसचे फुलदांडे साधारण जानेवारी-फेब्रुवारीत विकून होतात. त्यानंतर लगेच शेत मोकळे करण्याची घाई करू नका. या पिकात बेण्याचा खर्च मोठा असतो आणि पुढील हंगामाचे बेणे याच काळात जमिनीत तयार होते.

पाने राखा

लावलेला जुना कंद आक्रसत जातो व त्याच्यावर नवा कंद धरतो. तो पानांच्या जोरावर पोसतो. म्हणून दांडा कापताना झाडावर किमान ४ पाने ठेवावीत. पुढे ६ ते ८ आठवडे गरजेनुसार पाणी द्यावे. पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडावे.

काढणी

पाने वाळत आल्यावर, जमीन भुसभुशीत असताना कंद काढावेत. भारी काळ्या जमिनीत ढेकूळ घट्ट होण्याआधीच काढणी उरका. कुदळ झाडापासून थोडी दूर चालवावी. मार लागलेला कंद साठवणीत आधी कुजतो. वाळलेली पाने, माती व खालचा सुकलेला जुना कंद काढून टाकावा.

प्रतवारी व प्रक्रिया

मऊ, डागाळलेले कंद वेगळे काढून नष्ट करावेत. ४ सेंमीपेक्षा मोठे कंद फुलांसाठी ठेवावेत. बारीक कंदिका फेकू नका. वेगळ्या वाफ्यात वाढवल्यास दोन-तीन हंगामांत त्यांपासून फुलांजोगे कंद मिळतात. निवडलेले कंद कॅप्टन ३० ग्रॅम प्रति १० लिटर पाण्याच्या द्रावणात २० मिनिटे बुडवावेत. हातमोजे वापरावेत. नंतर २ ते ३ आठवडे हवेशीर सावलीत पातळ थरात सुकवावेत. उन्हात वाळवू नयेत.

साठवण

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो. साध्या खोलीत कंद सुकून हलके होतात, सुप्तावस्थाही नीट मोडत नाही. त्यामुळे सुकवलेले कंद जाळीदार पोत्यांत किंवा क्रेटमध्ये भरून शीतगृहात ४ ते ५ अंश सेल्सिअस तापमानाला किमान ३ महिने ठेवावेत. प्लॅस्टिकच्या बंद पिशव्या वापरू नयेत. आत ओल धरून बुरशी येते. कंद थोडे असतील तर दोन-तीन शेतकऱ्यांनी मिळून शीतगृहात जागा घ्यावी. पोत्यांवर जात व काढणीची तारीख लिहावी.

लागवडीच्या ८ ते १५ दिवस आधी कंद बाहेर काढून सावलीत पसरावेत. कोंब दिसू लागलेले, घट्ट कंदच लावावेत.