परक्या घरची काच

‘थर्ड पार्टी लेन्स’ हा शब्द कॅमेरेवाल्या मंडळींच्या तोंडून थोडं नाक मुरडूनच येतो. कॅमेरा एका कंपनीचा आणि त्यावर बसणारी लेन्स दुसऱ्याच कंपनीची, म्हणजे ती थर्ड पार्टी. कॅमेरा कंपनीची स्वतःची ती घरची काच, ही परक्या घरची. परकी बहुतेक वेळा स्वस्त असते, आणि स्वस्त आहे म्हणून तिच्याकडे संशयाने बघायचं अशी रीतच आहे. या संशयाचा इतिहास मात्र मोठा गमतीचा आहे. आज जी लेन्स घरंदाज आणि महाग म्हणून मिरवते, तिच्या पणजीने पंचाहत्तर वर्षांपूर्वी हाच संशय सोसला होता.

गोष्ट निक्कोरची. निप्पॉन कोगाकू ही जपानी कंपनी १९१७ साली निघाली. (तिचं नाव ‘निकॉन’ झालं ते थेट १९८८ मध्ये.) दुर्बिणी आणि तोफांसाठी अंतर मोजायची यंत्रं हा तिचा मोठा धंदा, आणि गिऱ्हाईक म्हणजे जपानी लष्कर. १९४५ साली युद्ध संपलं आणि ते गिऱ्हाईकच उरलं नाही. काच घासणारे कुशल हात मात्र होते. त्यांनी कॅमेऱ्याकडे मोर्चा वळवला. १९४८ मध्ये कंपनीचा पहिला कॅमेरा आला. पण जगातल्या नावाजलेल्या फोटोग्राफरांच्या गळ्यात तेव्हा जर्मन लाइका किंवा कॉन्टॅक्स असायचा. म्हणून या जपानी लेन्स लाइकावर बसतील अशाही बनवल्या जात. लाइकाची लेन्स तेव्हा ३९ मिलिमीटरच्या आट्यांवर, बाटलीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची असे. आटे जुळले की काम झालं.

त्यातली एक होती ८५ मिलिमीटर, एफ/२. ज्यांना या आकड्यांचं वावडं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ८५ म्हणजे थोडी दूरचं जवळ आणणारी, चेहऱ्यांसाठी छान. एफच्या पुढचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं, आणि तितका जास्त उजेड आत. अशा लेन्सला ‘फास्ट’ म्हणतात. झूम होत नाही, म्हणून ‘प्राइम’. अंधुक खोलीत फ्लॅश न मारता माणसं टिपायची तर अशीच लेन्स लागते. जर्मन बाजूला तिची प्रतिस्पर्धी होती झाइस कंपनीची ८५ एफ/२ ‘सोनार’. (आपल्या सोनाराशी संबंध नाही, जर्मन भाषेत सूर्याला ‘झोने’ म्हणतात त्यावरून हे नाव. :) ) लाइका बनवणाऱ्या लाइट्झ कंपनीची ८५ एफ/१.५ ‘सुमारेक्स’ही होती, आणि ती चांगलीच महाग होती.

१९५० साली ‘लाइफ’ साप्ताहिकाचे फोटोग्राफर डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होते. तिथल्या जुन मिकी या जपानी फोटोग्राफरने कमी उजेडात त्यांचा एक फोटो काढला, या ८५ निक्कोरने. डंकन यांनी तो प्रिंट पाहिला आणि चकित झाले. त्या काळी जपानी माल म्हणजे स्वस्त नक्कल, असं पाश्चात्त्य जगात सर्रास समजलं जाई. पुढे त्यांनी जे केलं ते मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मित्राचा एक सुंदर फोटो पाहून ते भाळले नाहीत आणि ‘जपानी’ शब्द ऐकून उठूनही गेले नाहीत. सहकारी होरेस ब्रिस्टल यांना घेऊन ते टोकियोतल्या ओई इथल्या कारखान्यात गेले, कंपनीचे अध्यक्ष मासाओ नागाओका यांना भेटले, आणि आपल्या जर्मन लेन्स व निक्कोर एकाच यंत्रावर तपासून घेतल्या. त्यात जपानी काच सरस ठरली. डंकन यांनी निक्कोर घेतल्या आणि आपल्या लाइकांवर चढवल्या.

त्याच वर्षी जूनमध्ये कोरियाचं युद्ध सुरू झालं. डंकन तिकडे गेले ते याच लेन्स घेऊन. दक्षिणेला नाकतोंग नदीकाठची लढाई, मग हिवाळ्यात चोसिन जलाशयाजवळची गोठवणारी माघार. हे फोटो १९५१ साली ‘धिस इज वॉर!’ या त्यांच्या पुस्तकात आले. त्याआधी, १० डिसेंबर १९५० रोजी, न्यूयॉर्क टाइम्सने जपानी कॅमेऱ्यावर आणि लेन्सवर लेख छापला होता. तिथून वारं फिरलं.

ही गोष्ट निकॉनप्रेमी नेहमी सांगतात, पण ती सांगताना एक प्रश्न विचारायचा राहतो. निक्कोर स्वस्त का होती? काचेत काटकसर केली होती म्हणून नव्हे. तिची रचनाच मुळी झाइसच्या सोनारच्या घराण्यातली. स्वस्ताई आली ती बाहेरून. जपानमध्ये मजुरी कमी होती, आणि १९४९ पासून एका डॉलरला ३६० येन असा दर ठरलेला होता. शिवाय झाइसचं मूळ गाव येना रशियाच्या ताब्यातल्या भागात गेलं आणि कंपनीच दुभंगली. म्हणजे किंमत कमी होण्याचं कारण आणि दर्जाचं कारण या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. स्वस्त वस्तू समोर आली की ‘चांगली आहे का?’ याच्याही आधी ‘यांनी नेमकी बचत कुठे केली?’ हे विचारावं, असं मला त्यातून वाटतं.

हाच प्रश्न पुढच्या एका लेन्सला लावून बघा. २००९ साली सॅमयांग या कंपनीची ८५ मिलिमीटर एफ/१.४ आली. कंपनी दक्षिण कोरियाची, मासान भागातली. १९५० मध्ये नाकतोंगच्या लढाया चालू होत्या त्याच कोपऱ्यातली. ही लेन्स तीनशे डॉलरच्या आसपास मिळे. पुढच्याच वर्षी निकॉनने आपली नवी ८५ एफ/१.४ काढली, तिची किंमत होती जवळजवळ सतराशे डॉलर! सॅमयांगने बचत कुठे केली ते लपवलेलं नव्हतं. ऑटोफोकसच नव्हता, हाताने रिंग फिरवून फोकस करायचा. काच मात्र तिने बऱ्याच जणांना अचंब्यात टाकण्याइतकी चांगली दिली. ज्याचा विषय हलत नाही आणि ज्याला घाई नाही, त्याच्यासाठी तो सौदा होता. लग्नात धावपळ करणाऱ्यासाठी नव्हता.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे माझा भाचा. तो पुण्यात हौशी नाट्यसंस्थांच्या प्रयोगांचे फोटो काढतो. पैसे थोडे, हौस अफाट. फ्लॅश चालत नाही, रंगमंचावर कधी कधी एकच पिवळा झोत, आणि हा बसलेला सहाव्या-सातव्या रांगेत. त्याला १३५ मिलिमीटर एफ/१.८ हवी आहे, आणि दोन वर्षं साठवलेले पैसे त्यात घालायचे आहेत. कॅमेरा निकॉनचा. निकॉनची स्वतःची १३५ एफ/१.८, ‘प्लेना’, २०२३ मध्ये २५०० डॉलरला आली. चीनमधल्या शेन्झेनच्या विल्ट्रॉक्स कंपनीची १३५ एफ/१.८ ‘लॅब’ २०२४ मध्ये आली, साधारण ९०० डॉलरला. त्याने विचारलं, “मावशी, स्वस्त घेऊन पस्तावणार तर नाही ना मी?” त्याच्या आईचा, म्हणजे आमच्या ताईचा, सल्ला ठाम आहे. एकदाच घ्यायची तर घरचीच घ्यावी.

आता निक्कोर ही घरची झाली आहे, बघा!

तर बचत कुठे केली? इथे ऑटोफोकस आहे आणि वेगवान आहे, त्यामुळे सॅमयांगचा हिशोब लागू नाही. फरक दिसतो तो वजनात. प्लेना किलोच्या थोडी आत, विल्ट्रॉक्स सव्वा किलोच्याही वर. दोन अंकी नाटकभर हातात धरायची तर हा फरक किरकोळ नाही.

दुसरा फरक दिसत नाही, आणि इथेच १९५० ची गोष्ट अपुरी पडते. लाइकाचे आटे एकदा जुळले की कायमचे जुळले. त्या आट्यांवरची लेन्स आजही नव्या लाइकावर साधी रिंग लावून चालते. आजच्या लेन्सच्या बुडाशी मात्र विजेचे संपर्कबिंदू असतात, आणि कॅमेरा व लेन्स आपसात सतत बोलत असतात. ती भाषा कॅमेरा कंपनीच्या मालकीची. कॅननच्या ईओएस कॅमेऱ्यांवर हे घडून गेलं आहे. नवं मॉडेल आलं आणि परक्या कंपन्यांच्या काही जुन्या लेन्स त्यावर चालेनाशा झाल्या. २०२२ मध्ये कॅननने पेटंटवरून हरकत घेतल्यावर विल्ट्रॉक्सला आपल्या काही लेन्स विक्रीतून काढाव्या लागल्या. उलट सोनीने २०११ मध्येच आपल्या माउंटची माहिती इतरांना खुली केली, आणि तिथे परक्या लेन्सची जत्रा भरली. म्हणजे धोका काचेत राहिलेला नाही, तो दाराच्या कुलपात गेला आहे. घरच्या लेन्ससाठी जास्तीचे पैसे मोजतो त्यातला एक भाग त्या कुलपाच्या किल्लीचा असतो.

ताई म्हणते त्यात म्हणून तथ्य आहे. पण ते सोळाशे डॉलरचं आहे का? दर महिन्याला लग्न करणाऱ्या, त्यावर घर चालवणाऱ्या फोटोग्राफरला असू शकेल. भाच्याला, माझ्या मते, नाही. उरलेल्या पैशांत त्याला एक चांगली ३५ मिलिमीटर येईल आणि तालमींचे फोटोही काढता येतील. विंगेत १३५ चा काही उपयोग नसतो.

तरी माझ्या मतावर त्याने पैसे टाकू नयेत. मी त्याला सांगितलं आहे की आधी डंकन यांचा ओईचा दिवस कर. पुण्यात लेन्स भाड्याने मिळतात. दोन्ही आण, एकाच प्रयोगाला, एकाच रांगेत बस. पहिला अंक एकीने, दुसरा दुसरीने, आणि पुढच्या प्रयोगाला उलट. मग फाइलींची नावं झाकून ताईला निवडायला सांग. दुसऱ्या अंकाअखेर खांदा किती दुखतो तेही लिहून ठेव.

पुढच्या महिन्यात त्यांचे दोन प्रयोग आहेत. लेन्स भाड्याने आणायचे पैसे मावशी देणार आहे.